मिनलच्या मांडवात कोणतं गाणं

विश्वनाथ,

भरलं ताट सोडून मानूस उठते ते कोणी मेल्याची खबर आली तर. तू उठला गाण्यापायी! वरून रागारागात तुझ्या भाऊजीच्या चपला घालून गेला. हे चार दिवसांपासून तुझ्या एक नंबर लहान चपलेत लंगडून राहिले अन् सारं माझ्यावर काढून राहिले. फोन तू उचलत नाही, म्हणून हे पत्र तुझ्या हिंगण्याच्या कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरजवळ देऊन राहिली. (ड्रायव्हरदादा, वाचलं तर वाचलं, बसमधी वाचून दाखवू नका.) आशीर्वाद. तब्येत बरी असनच, रुसलेला मानूस आजारी पडत नाही.

आता ऐक. मी चौथी शिकली, पण कान दोन हायेत. मिनल म्हणे, माझ्या लग्नात मांडवात येताना माझं नवं हिप हॉप लागन. तू म्हणे, मामा म्हणून हात धरून मी आणीन, तर माझ्या जमान्यातलं जुनं हिप हॉप लागन. हे नवं म्हणजे मिक्सरमधी खडे टाकल्यावानी. ती म्हणे, मामा, तुमचं जुनं तर पाढे म्हटल्यावानी हाय. एवढंच बोलली माझी पोरगी! त्याच्यावर तू, "मंग दुसरा मामा पाहा," म्हणून चालला गेला. दुसरा मामा काय सक्करदऱ्याच्या बाजारात भेटते काय गा?

पंचवीस वर्षांआधी तू ढगळ प्यांट घालून, टोपी उलटी करून आरशासमोर हात फेकत होता, तवा बाबा काय म्हणत होते? हे गाणं नाही, भांडण हाय. तुझा टेप उचलून गव्हाच्या कोठीत टाकला. तो मीच काढून दिला, आतले गहू झटकून. अन् आता तूच बाबा होऊन बसला काय?

तरी मी न्याय केला. तूर निवडता निवडता, फोन कानाले लावून दोघांचं ऐकलं. तुझ्या गाण्यातला मानूस साफ बोलते, पण सारा वेळ मी मोठा, मी मोठा. (तुझ्यावर परिणाम झाला तो हाच.) मिनलच्यातला तंबाखूचा खर्रा तोंडात धरून बोलल्यावानी बोलते. पण एका जागी तो आपल्या मायच्या शिलाई मशीनचं सांगते. तिथं मी तूर बाजूले ठेवली.

अन् दोघंही जास्त हुशाऱ्या मारू नका. आपल्या रामटेककडच्या लग्नात रंभाबाई मावशी विहिणीले नावं ठेवाची, ते काय होतं? तिच्या लुगड्यापासून भावाच्या टकलापर्यंत, एका दमात, जोडाले जोड! विहीण रडे बी अन् जेवे बी. तुमच्या गाणाऱ्याईनं तिच्याजवळ शिकवणी लावाले पाहिजे होती.

माझा निकाल असा. गौरीहरापासून बोहल्यापर्यंत बारा पावलं हायेत. सहा पावलं तुझं, सहा पावलं तिचं. पटो न पटो. मी माफी मागत नाही अन् पोरीले मागू देत नाही.

तुझी मोठी बहीण,
जयवंता

ता. क. माझे चुलत दीर मनोहरराव मामा म्हणून उभे राहाले तयार हायेत. नवा सफारी शिवून राहिले. काका असले म्हणून काय झालं, उंची तेवढीच हाय.

आणखी ता. क. मनोहररावाले मी अजून विचारलं नाही. मिनल म्हणते, विश्वनाथमामा आल्याशिवाय गौरीहराजवळून उठत नाही, मुहूर्त गेला तर जाऊ दे. गाणं तिनं स्वतःच काढून टाकलं. चार दिवस झाले, घरात काहीच वाजत नाही, अन् मले ते सहन होत नाही. लग्न रविवारी हाय. गुरुवारी दिवा लावाच्या आत "येतो" म्हणून सांग. दुसरं काही सांगू नको.