घरात एकच बंदूक

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

जूनपासून इथे एक ओळ नाही. माफी मागायची तर कारणही खरं द्यायला हवं — वेळ होता, लिहिण्यासारखंही होतं. पण जे लिहिलं असतं ते वाचून माझीच मला लाज वाटली असती. म्हणून वही कपाटात. आज मात्र राहवत नाही.

सकाळी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर पपांनी चहात पाव बुडवत सांगून टाकलं. बंदूक नॅन्सीच्या नावावर करायची! एकोणऐंशी झाले, परवाना सांभाळायचा आता कंटाळा येतो म्हणाले. सत्तरी ओलांडली की तो घरातल्या एकाच्या नावावर करता येतो. मुलगा, मुलगी, सून — कुणाही एकाच्या. बाकीच्यांनी फक्त ना हरकत लिहून द्यायची.

नॅन्सी माझी भावजय. माझा भाऊ नेल्सन बोटीवर, वर्षातले आठ महिने बाहेर. ती या घरात चार वर्षं आहे. मी पंचेचाळीस.

मी "छान" म्हटलं आणि कप उचलले.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

नीट लिहिते, म्हणजे मलाच कळेल मला काय झालंय ते.

बंदूक १९६९ची. बारा बोरची दुनळी, दोन नळ्या शेजारी शेजारी. पपा तिने नायगावच्या मिठागरांवर बदकं आणि पाणलावे मारायचे. बहात्तरला शिकारबंदीचा कायदा आला आणि पपांनी शिकार सोडली. लोक सोडत नव्हते, त्यांनी सोडली. पण बंदूक ठेवली. दर शनिवारी दुपारी ती खाटेवर उघडायची, गजाने नळ्या पुसायच्या, तेल द्यायचं. लहानपणी फ्लॅनेलचे तुकडे कापून देणं माझं काम. नेल्सनला कधी आवडच नव्हती, तो क्रिकेटला पळायचा. मी बसायची. पण खांद्याला लावायला मला एकदाही मिळाली नाही. "पोरीचा खांदा निखळंल," म्हणायचे.

नॅन्सीचा खांदा निखळत नाही. मागच्या वर्षी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर पुण्याकडच्या एका रेंजवर गेली. तिथे यंत्र मातीच्या बश्या हवेत फेकतं आणि त्या उडता उडता फोडायच्या असतात. पंचवीसपैकी सतरा फोडल्या, पहिल्याच दिवशी. घरी येऊन पपांना मोबाईलवर दाखवलं. पपांनी तो व्हिडिओ नऊ वेळा पाहिला. नऊ — मी मोजले.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

आता काम माझ्याकडे! पपांची अट — घरात बंदूक एकच. जुनी ठेवायची, नाहीतर ती दुकानात देऊन नवी घ्यायची, पण दोन नकोत. आणि ती एकच कशी हवी ते मी शोधायचं.

"तू शिकलेली. मला असली पायजे जी पाखरालाही चालंल आणि हिच्या बश्यांनाही."

मी म्हटलं, पपा, पाखरं मारायला बंदी आहे. मी स्वतः अकरावीच्या मुलांना शिकवते.

"माहीत हाय. मी मनात मारतो. पन बंदूक खरी पायजे."

नॅन्सी हसली. मलाही हसू आलं. मग राग आला, की हसू आधी तिला आलं.

सोमवार, २० ऑक्टोबर

तीन दिवस वाचते आहे. कॉलेजला दिवाळीची सुट्टी, दुसरं काम नाही. आणि खरं सांगायचं तर फार मजा येते आहे!

जुन्या दुनळीची दोन्ही तोंडं आवळलेली आहेत. लांबच्या बदकासाठी ते बरं, छर्रे पांगत नाहीत, एकत्र जातात. पण बशी जवळून सर्रकन जाते, तिला छर्रे पसरायला हवेत, नाहीतर नेम केसभर चुकला तरी बशी साबूत. म्हणून हवी ती वर-खाली नळ्यांची, जिच्या तोंडाचा चोक, म्हणजे छर्रे किती पसरायचे ते ठरवणारी नळी, आटे फिरवून बदलता येतो. मोकळा चोक बशीला, आवळ बदकाला. नळी अठ्ठावीस इंची. वजन सव्वातीन किलोच्या आसपास. याहून हलकी घेतली तर धक्का जास्त बसतो. जड घेतली तर बश्यांना छान, पण मिठागरावर दिवसभर खांद्यावर नेववणार नाही. (कुठलं मिठागर? कोण नेणार? पण मीही मनातच नेत होते.)

सगळ्यात महत्त्वाचं — दस्ता, खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, मापाचा हवा. बंदूक गालाला लागली की डोळा आपोआप नळीवर यायला हवा. मुद्दाम आणावा लागत असेल तर ती बंदूक तुमची नाही.

हे सगळं मी एका कागदावर सुवाच्य लिहून नॅन्सीला दिलं. "बाय, तू तर एक्स्पर्ट झालीस!" म्हणाली. नणंद म्हणून ती मला बायच म्हणते. मनापासून म्हणाली.

शनिवार, २५ ऑक्टोबर

मुंबईला फोर्टातल्या बंदुकीच्या दुकानात तिघं गेलो.

दुकानदाराने चार बंदुका काढल्या. नॅन्सीने तिसरी उचलली, तीच — माझ्या कागदावरची. खांद्याला लावली आणि पपा एकदम पंचवीस वर्षांचे झाले. तिच्या मागे उभे राहून त्यांनी तिचं कोपर हातात धरलं. "मान खाली नको आनू, बंदूक वर येऊ दे. पाखराला नको मारू, पाखराच्या पुढच्या हवेला मार." तिच्याबरोबर ते दुकानाच्या पंख्याभोवती अर्धवर्तुळ फिरले, दोघं मिळून एक न दिसणारं बदक धरत. दुकानदार म्हणाला, मापाची आहे, काही करायला नको, परवाना नावावर झाला की घेऊन जा.

निवड माझी, खांदा तिचा.

दुकानदाराने विचारलं, ही तुमची मुलगी? पपा म्हणाले, "हो." मग त्याने माझ्याकडे बघून विचारलं, आणि या? "ही आमची मास्तरीन." त्याने मलाही एक पुढे केली, मॅडम तुम्हीही बघा. माझा हात गेला होता. पपा म्हणाले, "नको, तिला नाय आवडत."

परत येताना पूर्ण वाट तेच डोक्यात. मी असं कधी म्हटलं?

आता लिहिताना आठवलं. म्हटलं होतं. अकरावीत असताना, तो कायदा पहिल्यांदाच वाचून, जेवणाच्या टेबलावर, मम्मीसमोर. "तुम्ही खुनी आहात." पपा ताटावरून उठले होते.

पण त्यानंतरचे शनिवार? तेव्हाही मी फ्लॅनेल कापतच होते की!

रविवार, २६ ऑक्टोबर

नॅन्सी वाईट असती तर किती बरं झालं असतं.

शनिवार, १ नोव्हेंबर

नेल्सनचा ना हरकतीचा कागद बोटीवरून आला. राहिली माझी सही. नीट वाचून करते म्हटलं आणि कागद शब्दकोशात ठेवला. पाच ओळींचा कागद. पाचही पाठ झाल्यात.

दुपारी पपांनी बंदूक पुसायला काढली. फ्लॅनेल नॅन्सीने कापलं. फार मोठे तुकडे कापले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पपा आणि नॅन्सी गोखिवऱ्याला तिच्या माहेरी गेले होते. मी एकटी घरी. पडताळणीसाठी पोलीस आले. सभ्य माणूस, चपला बाहेर काढल्या, पाणी मागितलं. विचारलं, घरातले सगळे राजी आहेत ना, बंदूक घरात ठेवायला काही अडचण?

मी सांगितलं, पपांचा हात थरथरतो. विसरतात, दोनदा कपाटाचं कुलूप उघडं राहिलं होतं. आणि माझ्या मते बंदूक घरात नसावीच. त्यांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मी सही केली. ज्या कागदावर करायची त्यावर नाही केली, या कागदावर लगेच केली.

हात थरथरतो, खरं. कुलूप राहिलं होतं, तेही खरं. खरं बोलूनही खोटी साक्ष देता येते, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

घरी कुणाला बोलले नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. नॅन्सीचा अर्ज तूर्त थांबला. निर्णय होईपर्यंत बंदूक जमा करायची. जुनी, पपांची!

एवढं होईल असं वाटलं नव्हतं. — हे वाक्य खोडावं की ठेवावं? ठेवते. पण मग काय वाटलं होतं?

पपांनी बंदूक स्वतःच गोणपाटात बांधली. नॅन्सी बरोबर निघाली, तिला नको म्हणाले. मलाही नको. उमेळ्याच्या नाक्यापर्यंत चालत गेले आणि तिथून रिक्षा.

परत आले ते जेवले नाहीत. दमलो म्हणाले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दुपारी पपांनी खाटेवर जुनी चादर अंथरली. गज, तेलाची बाटली, सगळं मांडलं. थोडा वेळ बसले. मग गजच पुसला.

नॅन्सी स्वयंपाकघरात येऊन रडली. "बाय, माझ्यामुळे झालं. मला कशाला पाहिजे होती? रेंजवर भाड्याने मिळते ना! पपांची बंदूक मी घालवली."

तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझाच हात! तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि चहा टाकू का विचारलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

कुमसार करायला, पापं कबूल करायला गेले. रांगेत पुढे दोघी होत्या, मग एक, मग मी. फादरांसमोर गुडघे टेकायच्या ऐवजी सरळ बाहेर आले. फादरांना सांगून मोकळं होणं सोपं होतं. मोकळं व्हायचा हक्क मला नाही, आधी ज्याचं त्याला सांगायला हवं.

घरी आले, तर पपा आणि नॅन्सी व्हरांड्यात माझी वाट बघत. नॅन्सी अर्ज मागे घेते आहे. तिचं म्हणणं, नव्याने अर्ज करायचा तर बायच्या नावाने करा. सगळं वाचलंय तिने, शोधलंयही तिनेच, आणि लहानपणापासून पुसलीये तिने. पपांनी मान हलवली.

"मग तूच घे, प्रिसिला. तुला चालंल?"

तीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते असं आलं! जेवणानंतर उरलेलं मासळीचं कालवण वाढावं तसं. तरी छाती धडधडली. आधी धडधडली, मग विचार आला — ते वाईट. माझ्या जबाबाने तिची गेली आणि मला मिळाली. आता जबाब मागे घेतला तरी तो माझ्याच फायद्याचा. न घ्यावा तर बंदूक ठाण्यातच.

विचार करते म्हटलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

पपांना सांगितलं. वाडीत केळीला आळं करत होते. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पोलीस, जबाब, सही. अडखळले नाही, कारण सहा दिवस घोकलं होतं.

पपांनी कुदळ ठेवली नाही. "माहीत हाय. जमा कराला गेलो तवाच त्यांनी वाचून दाखवलं. माझा हात थरथरतो, खोटं काय लिवलंस?"

मग गेल्या रविवारी मला का देऊ केली?

"तुला पायजे होती म्हनून. आधी नाय समजलं. जबाब ऐकला तवा समजलं." मग पुन्हा माती ओढायला लागले. "नॅन्सीला बोलू नको. तिचा जीव हाय तुज्यावर."

रविवार, ३० नोव्हेंबर

नॅन्सीला सांगितलं. पपांचं ऐकलं नाही. ती उठून आत गेली. दार लावलं नाही.

उद्या : सकाळी दहाला पोलीस ठाणे — जबाब मागे घेणे आणि ना हरकतीवर सही, नॅन्सीच्याच नावाने (तिचा अर्ज अजून मागे गेलेला नाही).