जागा कमी लागते

४ मे
नवी नोकरी, नवं गाव, आणि कपाटात फक्त माझे कपडे. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच आज ऐसपैस बसले.
प्रयोगशाळा तळघरात आहे. जाड भिंतींची खोली, मध्ये पोलादी सिलिंडर, शेजारी पंप. सरांनी स्वतः सगळं समजावून सांगितलं. ज्या दोन रेणूंचं एरवी एकमेकांशी जमत नाही, त्यांना एका मऊ कुपीत भरायचं, कुपी सिलिंडरमधल्या तेलात बुडवायची आणि दाब चढवायचा. फारशी उष्णताही लागत नाही. पळायला वाव उरला नाही की दोघं मुकाट्याने जोडले जातात, कारण एक झाल्यावर जागा कमी लागते. लग्नं जमवणाऱ्यांचा आणि आपला धंदा एकच, असं सर म्हणाले. मी हसले. पहिल्या दिवशी साहेबांच्या विनोदाला हसावंच लागतं.

११ मे
पंप सांभाळायला नवा इंजिनिअर आला. माझा आधीचा नवरा. आगीतून फुफाट्यात! सरांनी त्याला मुद्दाम शोधून आणलंय.
त्याच्याबरोबर काम करणार नाही, असं मी सरांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, न जुळणाऱ्यांवरच तर त्यांचं संशोधन आहे. नसेल जमत तर नोकरी सोडा. सोडून जाऊ कुठे? माहेरी मला बघूनच वहिनीच्या कपाळाला आठ्या पडतात.

१५ मे
पंप सुरू झाला की सर दार बाहेरून लावतात. आत आम्ही दोघं. कानांना दडे बसतात. भिंती जागच्या जागीच आहेत, मी खडूने खुणा करून पाहिलं. पण आमच्या स्टुलांमध्ये काल टेबल मावत होतं, आज कोपराला कोपर लागतंय.
तोही घाबरलाय. दार बडवून थकला, मग म्हणाला की माझ्यामुळे तू इथे अडकलीस. वाक्य त्याने सुरू केलं. संपलं ते माझ्या तोंडातून.

१८ मे
राजीनामा घ्या म्हटलं. सरांनी विचारलं, दोघांपैकी नक्की कोण देतंय. मी चिडून म्हटलं, मी देतोय.
देतेय. देतेय म्हणायचं होतं मला.

१९ मे
माझ्या मनगटावर त्याचा भाजल्याचा डाग. दुखतो मला. तो रडतो, डोळे माझे भिजतात. त्याच्यावरचा राग तेवढा माझा स्वतःचा होता. आता तोही—

२० मे
दाब सोडला. दार उघडलं. सर खूश आहेत. आत एकच माणूस होतं.
दाब काढला तरी हे सुटं होत नसतं, म्हणाले. जुळलं ते जुळलं. मग पेन काढून विचारलं, नाव काय लिहू?
नाव माझंच सांगितलं. पुढे आडनाव त्याचं आलं. कोर्टात भांडून टाकलेलं आडनाव, आणि किती सहज—
खोडा ते, म्हटलं. पुन्हा सांगते. नीट सांगते. मी सांगतो—