गुडघ्याला हातही लावला नाही

अहो,

आधी हे वाचा: ढमी बरी आहे, पोटभर जेवली.

आपण गुडघ्याला मलम चोळून लेकीला कवायतीला पिटाळत होतो ना? डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याला हातही लावला नाही! झोपवून पाय पोटाकडे दुमडला, तर तो आपोआप बाहेर वळला. मग खुब्याचा एक्स-रे. अहो, मांडीच्या हाडाचा वरचा गोळाच घसरलाय! दुखणं खुब्याचं, कळ गुडघ्यात. "आता पाऊलही टाकायचं नाही," म्हणाल्या आणि चाकाच्या खुर्चीत बसवलं. पत्र पोचेपर्यंत ऑपरेशन करून हाडात स्क्रू घालून झाला असेल. दुसऱ्या पायावरही लक्ष ठेवणार आहेत.

आईंची कंबर कशी आहे? त्यांना एवढ्यात सांगू नका.

तुमचीच,
मी

ता. क. ढमी रडली नाही. एक्स-रे बघून एवढंच म्हणाली, "बाबांना कळव, मी नाटक करत नव्हते."