समईपाशी आई नव्हती

१४ जाने.
संक्रांत. पिंपळगावहून चित्रं टेम्पोत घालून खामगावला आणली. दादानं स्वतः उचलली, एकालाही ओरखडा नाही. एकटीचं पहिलंच प्रदर्शन. हुंडा, पाणी, शाळा सुटलेल्या पोरी, सगळं आहे. पण जीव अडकलाय ‘आतल्या खोलीत’ या चित्रात. बाहेर हळदीकुंकू, आत आई वाणाच्या वाट्या भरतेय. बाबा गेल्यापासून ती अशीच आत. उद्घाटनाची समई तीच लावणार.
दादा म्हणाला, "लावू दे आईले. कोन काय म्हन्ते पाहू!" भाऊ असावा तर असा.

१६ जाने.
उद्घाटन उरकलं. आई आलीच नाही. दादा म्हणे गुडघे धरलेत. समई वहिनीनं लावली, शेजारी मलकापूरचे पाहुणे, त्यांच्या मुलाशी दादाच्या पिंकीचं जमतंय. मीही टाळ्या वाजवल्या.
संध्याकाळी पिंपळगावला गेले तर आई गच्चीवरून वाळवण उतरवतेय. गुडघे ठणठणीत.
"पाहुन्यायले मी समई लावलेली चालत नाही मने. दादानं काल सांगतलं. तुले नाही सांगतलं, तू रडली असती."
माझ्याच चित्रांसमोर! आणि मलाच पत्ता नाही. आईला माझ्याकडे खामगावला घेऊन आले.

१७ जाने.
दादाचा मेसेज: ‘लई नाव काढलं’. नालायक.

१८ जाने.
मलकापूरची विहीणबाई एकटीच आली. ‘आतल्या खोलीत’समोर बराच वेळ उभी.
"आजी काऊन नाही आल्या वो? समई त्यायच्याच हातानं पाह्यजे होती."
"तुम्हाला चालत नाही ना?"
"कोन म्हनलं? माह्या लग्नात सारं माह्या मायनंच केलं. बाप कुठी होता?"
दादाला फोन केला. पाहुण्यांनी खरंच म्हटलं होतं का?
"म्हनले नाही. पन म्हनले असते तं? अन् हे आईले सांगू नको."
म्हणजे कुणाचंच काही नव्हतं. त्याचंच होतं सगळं. टेम्पोत चित्रं चढवताना सुद्धा त्याच्या मनात हेच असणार...

१९ जाने.
शेवटचा दिवस. पाचला हॉल बंद. विहीणबाई येऊन गेली, एवढंच आईला सांगितलं.
"काय मने?"
परक्यांना चालत नाही, हे तिनं गिळलंय. पोटच्या पोरालाच चालत नाही, हे कसं सांगू?
"चित्र आवडलं म्हणाली."
"मंग तू काऊन तोंड पाडून बसली?"
म्हटलं, चल, तूही बघून घे. ठेवणीतल्या साडीला हात लावला तिनं, मग थांबली.
"दादाले इचारून पाहातो," म्हणाली, आणि आपला फोन शोधायला लागली.
फोन तिच्याआधी मी उचललाय. अजून दिलेला नाही.