एप्रनचा नंबर

प्रिय धाकटे,

तुझा पत्ता माझ्याकडे नाही, तरी लिहिते.

काल आपल्या बंद पडलेल्या शिलाई कारखान्याच्या फोटोंचं प्रदर्शन पाहिलं. एका फोटोत तू मशीनवर आहेस, शेजारच्या मशीनवरचीचा एप्रन घालून. केस नेहमीसारखेच विस्कटलेले. खाली तारीख आहे, ज्या दिवसाची गैरहजेरी लावून मी तुला कामावरून काढलं तीच. हजेरी मी एप्रनच्या पाठीवरच्या नंबरावरून घ्यायची.

"ताई, मी होते गं," त्या रात्री घरी तू सांगत होतीस.

"खोटं बोलणारीला या घरात जागा नाही," मी म्हणाले. तू गेलीस.

फोटोत तुझ्यामागे वही घेऊन मीच उभी आहे.

फोटोग्राफरने विचारलं, "यांना ओळखता?"

"मशीनवरची माझी बहीण," मी म्हणाले. मागची कोण, ते सांगायला जीभ रेटली नाही.

तू खरं बोलत होतीस.

तुझी ताई