बेंदराचा हिंगूळ

मंगळवार, संध्याकाळ. गोरेगाव

उद्या सेटवरची ती भिंत परत रंगवायची. माझ्याच तोंडामुळं.

सिनेमा हाय, मुलगा म्हणून वाढवलेल्या एका मुलीचा. तिची लहानपणीची खोली निळी, पुढं सगळं गुलाबी, असं डिझायनर मॅडमनी ठरवलेलं. निळा मारून झाला आणि मला राहवेना. म्हटलं, "मॅडम, गावाकडं असं नसतं. तिला हिंगूळ द्या."

"हिंगूळ म्हणजे?"

बेंदराला बैलांच्या शिंगांना लावतात तो लाल रंग. सांगोल्याला आमच्यात शिंगं रंगवायचं काम थोरल्या पोराचं, म्हणजे आमच्या थोरलीचं. तवा आम्ही तिला दादा म्हणायचो. उरलेला हिंगूळ ती गोठ्यात बसून पायाच्या नखांना लावायची. त्या दिवशी सगळ्यांचेच हात लाल, म्हणून कुणी विचारायचं नाही. किती नीट लावायची! बैल शेजारी कडबा खात उभे. आणि मी रॉकेलचा बोळा घेऊन जायचो, आबांनी बघायच्या आत नखं पुसायला. तिला वाचवत होतो, का आणखी काय करत होतो?

नखांचं सांगितलं तसं मॅडम म्हणाल्या, "तुला कसं माहीत?" सगळे पेंटर माझ्याकडं बघायला लागले. 'माझा भाऊ करायचा' म्हणून सुटलो असतो. पण म्हटलं, "माझी अक्का हाय ती."

सुट्टी झाल्यावर सोलापूरला फोन लावला. ती आता सात रस्त्याजवळ शिलाई करते. सगळं ऐकून घेतलं तिनं.

"अक्का म्हणलास? सगळ्यांपुढं?"

"व्हय."

"मग येड्या, इतकी वर्षं मला नुसतं 'ऐक की' म्हणून का हाक मारत होतास?"