सुहैल म्हातारा झालेला नाही

वादी रम,
बुधवार, ३ सप्टेंबर २०२५, सकाळचे सव्वासहा

प्रिय दैफल्लाहभाई,

सलाम. छावणीतल्या दुर्बिणीची काच पुसली, झाकण लावलं आणि लिहायला बसलो. इकडे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे तसेच. तुझा फोन लागतो, पण तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र अम्मानला जाणाऱ्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय.

पर्यटकांना सांगता यावं म्हणून मी ताऱ्यांबद्दल वाचतो, बाबांनाही सांगतो. लहान तांबडे तारे इंधन जपून जाळतात, म्हणून फार जगतात. थोराड निळे-पांढरे ते उधळतात आणि लवकर संपतात. आपला सूर्य मधला. तो शेवटी फुगून तांबडा होईल, मग आकसून इवलासा पांढरा निखारा उरेल. चहा ओतता ओतता बाबा म्हणाले, "म्हणजे शेवटी मुतलकसारखे कंजूषच उरणार!"

मुतलककाका समोरच होते. "उरेन, आणि तुझी किटलीही ढापीन."

चहा पेल्याबाहेर सांडत होता. मी पेला गुपचूप तोटीखाली सरकवला.

२५ ऑगस्टला पहाटे सगळे टेकाडावर जमले. तुला रिवाज ठाऊक आहे: बाबांनी उगवलेला सुहैल तारा दाखवायचा, मगच उंटांची पिल्लं आईच्या दुधापासून तोडायची. बाबांनी बोट केलं. "हा बघा सुहैल! नसेल तर माझी धाकटी सांडणी कापून तुम्हाला जेवू घालीन."

काका हसले. "अरे फरहान, हा तर खोट्या शपथा घ्यायला लावणारा तारा! दरवर्षी सुहैलच्या आधी येऊन लोकांना फसवतो. सुहैल एवढा मिणमिणता कधीपासून?"

"म्हातारा झालाय तो. तारेही म्हातारे होतात. विचारा माझ्या हमूदला."

सगळे माझ्याकडे वळले. भाई, नुसतं हो म्हटलं असतं तर बाबांचा शब्द राहिला असता. पण पिल्लं वेळेआधीच दुधाला तुटली असती, आणि बाबांच्या डोळ्यांचं कुणी विचारलंच नसतं. मी म्हणालो, "बाबा, ताऱ्याला म्हातारं व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात. सुहैल गेल्या वर्षीइतकाच तेजस्वी आहे. तो अजून उगवलाच नाही."

बाबांनी बोट खाली घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे म्हातारा दुसराच कुणीतरी झालाय."

काका त्यांच्याजवळ सरकले. "सांडणी राहू दे रे." बाबांनी ऐकलं नाही. दुपारी ती कापून सगळ्यांना वाढलं, स्वतः घासही घेतला नाही. माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत.

काल खरा सुहैल आला. पोरं ओरडली. बाबांनी मला हळूच विचारलं, "कुठंय?" मी त्यांचा हात धरून तिकडे वळवला. त्यांना दिसला नाही. "अम्मानला मोतीबिंदू काढतात म्हणे," एवढंच बोलले. मी म्हणालो, दैफल्लाह तिथंच आहे. ते नको म्हणाले नाहीत.

रविवारी दुपारच्या बसने येताहेत, एकटेच. मला सोबत येऊ देत नाहीत. तीन वर्षं तुम्ही दोघं समोरचा आधी बोलेल म्हणून थांबला आहात. स्टँडवर बाजूला उभा राहून ते ओळखतात का, याची वाट बघू नकोस. त्यांना तू दिसणार नाहीस. आधी हाक तूच मार.

तुझाच,
हमूद